पेशंट घरी आल्यावर

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला पंधरा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय मी स्वतः मागून घेतला आहे. संयोजकांना वाटलं होतं की मी कॉम्प्युटरवर बोलेन. ते चहाच्या वेळी बोलू. आपल्या ग्रुपवर वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा काय विचारलं गेलं, ते मी मागे जाऊन पाहिलं. मुलांच्या ॲडमिशन नाहीत, फ्लॅटही नाहीत. "सांगलीत कोणाच्या माहितीत चांगली बाई आहे का, आईसाठी, रात्रपाळी", हा प्रश्न आहे. विचारणारे पुण्यात, बंगळुरूत, काही न्यू जर्सीत. आणि ज्यांच्यासाठी विचारतो ते इथे, विश्रामबागेत नाहीतर गावभागात, एकटे.

पुढे काय होतं ते आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय. मिरजेत ॲडमिट केलेलं असतं, डिस्चार्ज मिळतो, कागदावर लिहिलेलं असतं की घरी काळजी घ्या. वॉर्डातलं कोणीतरी एका ब्युरोचा नंबर देतं. संध्याकाळी एक बाई पिशवी घेऊन दारात उभी राहते. तिला काय येतं हे आपण विचारत नाही. ती आली याचंच इतकं हायसं वाटतं, की विचारायचं सुचतच नाही.

माझे सासरे अर्धांगवायूनंतर दोन वर्षं अंथरुणावर होते. त्यांना नाकातून नळी होती, म्हणून आम्ही ब्युरोकडे नर्स मागितली आणि नर्सचेच पैसे भरले. जी मुलगी आली तिने पहिल्याच दुपारी त्यांना सपाट झोपवून नळीतून पेज सोडायला घेतली. माझी जाऊ तिथे होती म्हणून थांबवलं. नळीने भरवताना डोकं आणि छाती तीस ते पंचेचाळीस अंश वर हवी, आणि भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास तशीच ठेवायची असते. नाहीतर अन्न उलटून फुप्फुसात जाऊ शकतं आणि न्यूमोनिया होतो. मुलीचा त्यात काही दोष नव्हता. आधी ती एका दवाखान्यात फरशी पुसायच्या कामावर होती, तिला हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. मी ब्युरोच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, आठवड्याभरात शिकेल." कोणावर शिकेल, हे काही ते बोलले नाहीत.

मी इंजिनिअर. मला सवय अशी की गोष्ट बिघडली की आधी तिचा नियम शोधायचा. तर मी नियम शोधायला बसले. आपल्या सोसायटीच्या गेटवर जो वॉचमन बसतो, त्याच्या एजन्सीसाठी २००५ चा केंद्राचा कायदा आहे. एजन्सीला परवाना लागतो, माणसाची पोलीस पडताळणी लागते, आणि नमुना नियमांत त्याच्यासाठी शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष कामावर असं प्रशिक्षण सांगितलं आहे. अंमलबजावणी कशी होते ते सोडा, निदान कागद आहे. गेट ओलांडून जी बाई आपल्या आईच्या खोलीत जाते, तिला अंघोळ घालते, औषध देते, तिला पाठवणाऱ्या ब्युरोसाठी असा कागद नाही. नर्स असेल तर तिची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते आणि तो नंबर आपण मागू शकतो, मागायलाच हवा. 'जनरल ड्युटी असिस्टंट' नावाचा कौशल्य विकासातला एक कोर्सही आहे. पण तो केल्याशिवाय घरी पेशंट सांभाळता येणार नाही, असं बंधन कोणावर नाही.

एकदा हे जमण्याच्या बेतात होतं. ज्येष्ठ नागरिकांचा २००७ चा कायदा आपल्याला पोटगीसाठी माहीत आहे. त्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा, हे त्यात होतं. विधेयक समितीकडे गेलं, समितीचा अहवाल आला, पुढे लोकसभेची मुदत संपली आणि ते तसंच बुडालं. तेव्हा आपल्याला जे करायचं ते घरातच करायला लागणार आहे.

इथे माझ्या धंद्यातलं थोडं सांगते. अमेरिकेत सरकारी मेडिकेड योजनेतून घरी मदतनीस मिळते, तिथे २०१६ च्या एका कायद्याने प्रत्येक भेटीची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची केली. सहा गोष्टी नोंदवायच्या: कोणती सेवा, कोणाला, कोणी, कुठल्या तारखेला, कुठे, आणि किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. आमच्या टीमने अशा प्रणालीवर तीन वर्षं काम केलं आहे. बाई न येताच बिल लावलं जाणं, यावर तो बऱ्यापैकी उपाय आहे. पण बाई आली आणि चार तास मोबाईल बघत बसली, तरी सहाच्या सहा रकाने हिरवे दिसतात. त्यामुळे "एखादं ॲप बनव की गं", असं जे मला सकाळपासून तिघांनी सांगितलंय, त्यांना उत्तर मिळालं असेल.

मला विचाराल तर दर्जाची सुरुवात साध्या गणितापासून होते. जो पेशंट स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला साधारण दर दोन तासांनी वळवायचं असतं, नाहीतर पाठीला, टाचेला जखमा होतात. म्हणजे दिवसाला बारा वेळा. आता आपण 'चोवीस तासांची बाई' ठेवतो. ती सात तास झोपली, तर त्या वेळातलं तीन-चार वेळा वळवणं कोणी करायचं? तिला दर दोन तासांनी उठवलं, तर चौथ्या दिवशी तिच्या हातून औषधाची गडबड होणार. चोवीस तासांची बाई ही गोष्ट अशा पेशंटसाठी मुळात अस्तित्वातच नाही. दोन पाळ्या तरी ठेवा, नाहीतर रात्रीचे गजर घरच्यांनी वाटून घ्या. इतका पैसा सगळ्यांना झेपत नाही हे मला माहीत आहे. न झेपणाऱ्यांनी हवेची गादी घ्यावी. ती वळवण्याची जागा घेत नाही, पण मदत करते.

दुसरी गोष्ट, दोनशे पानी वही. पलंगाशेजारी खिळ्याला दोरीने बांधलेली. किती वाजता कुठल्या कुशीवर वळवलं, काय खाल्लं, लघवी किती झाली, कुठली गोळी दिली, आणि पाळी बदलताना दोघींच्या सह्या. लिहिता येत नसेल तर खुणा चालतात. आमच्याकडच्या एक मावशी उजव्या-डाव्या कुशीसाठी बाण काढायच्या, ते बाण डॉक्टरांनाही समजायचे.

या वहीचा एक नियम मी ऑफिसातून आणला आणि तो सगळ्यात उपयोगी पडला. सॉफ्टवेअर बंद पडलं की आम्ही 'कोणी केलं' हे आधी विचारत नाही, 'काय झालं' ते लिहून काढतो. कारण शिक्षेची भीती असली की लोक लपवतात. घरात पेशंट पडला आणि बाईला वाटलं की पगार कापतील, तर ती पुसून-झाकून ठेवणार, आणि खुब्याचं हाड मोडल्याचं आपल्याला दोन दिवसांनी कळणार. आम्ही पहिल्याच दिवशी सांगायचो: पडले तर सांगा, पैसे कापणार नाही. एकदा सासरे खुर्चीवरून घसरले तेव्हा पाच मिनिटांत फोन आला, तो त्यामुळेच.

कॅमेऱ्याबद्दल परदेशातले हमखास विचारतात. हॉलमध्ये लावा, पण तिला सांगून लावा. जिथे अंग पुसलं जातं, कपडे बदलले जातात तिथे नको. आपल्या आईलाही लाज आहे, हे आपण लॅपटॉपसमोर बसून विसरतो.

आणि त्या बाईच्या बाजूनेही बघा. सत्तर किलोचं माणूस एकटीने उचलून तिची कंबर जाते. तिला जेवायला, पाठ टेकायला जागा हवी, आठवड्याची सुट्टी हवी. काही घरांत पेशंटच किंवा घरातला पुरुष वेडंवाकडं वागतो. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात घर हेही कामाचं ठिकाण धरलं आहे आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. हे तिला कोणी सांगत नाही. आम्ही ब्युरोला जे देत होतो त्यातला तिसरा हिस्सा मध्येच राहायचा. ब्युरोकडून प्रत्येक महिन्याची पावती घ्या. सेवेत कमतरता झाली तर ग्राहक आयोगाकडे जाताना तोच कागद लागतो.

सांगलीकरांना पुराचं वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अंथरुणाला खिळलेल्या माणसांना बोटीत कसं घेतलं, ते इथल्या काहींनी डोळ्यांनी पाहिलंय. नदीकाठी राहत असाल तर पेशंटला कुठे हलवायचं, हे जूनमध्ये ठरवा. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल तर ते विजेवर चालतं, तेव्हा भरलेला सिलिंडर बाजूला हवा, आणि तो लावायचा कसा हे रात्रपाळीच्या बाईला यायला हवं.

आता मागणी. आपल्या बॅचमध्ये एक फिजिओथेरपिस्ट आहे, दोन डॉक्टर आहेत, एक जण नर्सिंग कॉलेजात शिकवते. चौघांशी बोलले आहे, चौघंही तयार आहेत. महिन्यातला एक रविवार, शाळेचं ड्रॉइंग हॉल, सकाळी नऊ ते एक. गावात पेशंट सांभाळणाऱ्या बायकांना उचलणं, वळवणं, नळीने भरवणं, पडल्यावर काय करायचं, हे हाताने करून दाखवायचं. मुख्याध्यापकांकडे हॉलचा अर्ज कालच दिला आहे. येणाऱ्या प्रत्येकीची त्या दिवसाची मजुरी आपण भरायची, कारण रविवार बुडवून फुकट कोण येईल? दारापाशी टेबलावर वहीच्या नमुन्याच्या प्रती आहेत आणि वर्गणीची यादी आहे. जेवायला जाताना तिथूनच जायचंय.