तो फॉरवर्ड माझाच होता

(साकीनाका येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'सोशल मीडिया आणि मुस्लीम समाज'. या विषयावरचं भाषण आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आपल्याविरुद्ध काय काय पसरवलं जातं त्याची यादी वाचायची, आपण हळहळायचं आणि चहा पिऊन घरी जायचं. ती यादी खोटी नाही. पण आज मी सुरुवात स्वतःपासून करणार आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबईत मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते. अम्मीने मला एक ऑडिओ पाठवला. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. पूर्ण ऐकलाही नाही. वर 'सगळ्यांनी काळजी घ्या' असं लिहिलं आणि मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकून दिला.

संध्याकाळी घरी येताना काजूपाड्याच्या गल्लीत गर्दी दिसली. भंगार गोळा करणाऱ्या एका माणसाला पंधरा-वीस जणांनी घेरलं होतं. त्याची गोणी रस्त्यावर उलटी केली होती. आत बाटल्या आणि पुठ्ठे. दोन-चार थपडा खाऊन झाल्या होत्या. शेजारच्या दुकानातल्या चाचांनी त्याला आत ओढून शटर अर्धं खाली घेतलं, म्हणून तो वाचला. मी विचारलं, झालं काय? एका पोराने मोबाईल पुढे केला. "भाई, पक्की खबर आहे, तुम्हीच तर टाकली होती." मारणारे आपले होते, मार खाणारा आपलाच होता आणि खबर माझी होती.

हे थपडांवर थांबलं. सगळीकडे थांबत नाही. त्याच महिन्यात सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, मुलं पळवणारे समजून उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना मारहाण झाली. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात तर पाच माणसांचा जीव गेला. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे. आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने त्यांना ठेचून मारलं. तेव्हा देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेल्या जाहिरातीचा तुकडा होता. शेवटी दिलेला संदेश कुणीतरी कापून टाकला होता.

अफवा आधी धर्म बघत नाही. धर्म नंतर चिकटवला जातो. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर मारले गेले. तिथेही चोर आल्याची, मुलं पळवणारे आल्याची अफवा होती. पण व्हिडिओत कुणीतरी 'ओए बस' म्हणतं, त्याचं सोशल मीडियावर 'शोएब' झालं. गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की त्यात एकही मुसलमान नाही. त्या दिवसांत आपण विचारत होतो, 'लोक न तपासता असं पुढे कसं पाठवतात?' उत्तर सोपं आहे. मी पाठवलं तसंच.

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो. मेसेज लिहायला वेळ लागतो, पुढे ढकलायला दोन टॅप पुरतात. राग आणि भीती त्या दोन टॅपवर चालतात. २०१८ च्या हत्यांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला, दोन बाणांची खूण असलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीनेच सांगितलं. म्हणजे छोटासा अडथळाही काम करतो. पण त्याच कंपनीने २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा २५६ वरून आधी ५१२ आणि मग १०२४ वर नेली. एकाच ठिकाणी पाठवा, पण त्या ठिकाणी हजार माणसं!

काहीजण म्हणतात, मग सरकारने मेसेज वाचावेत. मला ते नको आहे. आज व्हॉट्सॲपवरचं बोलणं कंपनीलाही वाचता येत नाही, आणि ते कुलूप तुटलं तर पहिल्यांदा कुणाच्या घरात डोकावलं जाईल हे इथे सांगायची गरज नाही. पण कुलूप हवं असेल तर आतली जबाबदारी आतल्यांनीच घ्यायला हवी. म्हणजे ॲडमिनने.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे की, सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर संगनमत असल्याशिवाय केवळ ॲडमिन म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही. ॲडमिनच्या हातात माणूस जोडणं आणि काढणं एवढंच आहे, हाही त्यामागचा विचार होता. निकाल योग्य आहे. पण २०२२ पासून ॲडमिनला कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. कायद्याने दोष नाही, पण बटण आता आपल्या बोटाखाली आहे.

म्हणून तीन गोष्टी मागतो. प्रत्येक मोहल्ला ग्रुपला दोन तरी ॲडमिन असावेत, एक जण कामात असेल तर दुसरा बघेल. मूल, मशीद, मंदिर, गाय, दंगल यांपैकी काहीही असलेला दोन बाणांचा मेसेज आला की आधी डिलीट, मग चौकशी. पाठवणाऱ्याला सगळ्यांसमोर झापू नका, फोन करा. आणि पोलीस ठाण्यात एक फोन करून खरं-खोटं विचारा. खबरीची शहानिशा करा, हे सूरह हुजुरातमधून आपण लहानपणापासून ऐकत आलोय. आता ते मोबाईलवरही पाळायचं आहे.

त्या रात्री मी ग्रुपवर लिहिलं, 'सकाळचा ऑडिओ खोटा होता. मी न तपासता टाकला. चूक माझी.' लाज वाटली. ऑडिओ बघता बघता पसरला होता. माझी माफी मात्र कुणीही फॉरवर्ड केली नाही. तो भंगारवाला परत त्या गल्लीत दिसला नाही. त्याची माफी मागायची राहून गेली आहे.