एका रुळावरची आगगाडी

लहानपणी भोवरा फिरवला नाही असा माणूस आपल्याकडे विरळाच. जाळी गुंडाळायची, हिसका द्यायचा, की खाली बारीकशी आर आणि तिच्यावर भोवरा ताठ उभा! तोच भोवरा न फिरवता उभा करून पाहा, क्षणभरही राहायचा नाही. हे आपण इतक्या वेळा पाहिलेले असते की त्यात काही नवल आहे असे वाटेनासे होते. पण लुई ब्रेनन नावाच्या एका संशोधकाने या नवलावर आगगाडी उभी केली, आणि तीही एकाच रुळावर. आज तिची हकिकत सांगायची आहे.

तत्पूर्वी एक प्रयोग. सायकलीचे पुढचे चाक सोडवून घ्या. त्याच्या आसाच्या एका टोकाला दोरी बांधा व ती तुळईला टांगा. दुसरे टोक हाताने धरून आस आडवा ठेवा, चाकाला जोराने गती द्या आणि हात काढून घ्या. (तारांत बोटे जाणार नाहीत एवढे जपा.) चाक खाली पडेल असे तुम्हांला वाटेल. ते पडत नाही. आडव्या आसासकट दोरीभोवती सावकाश फिरू लागते. पडण्याचा जोर त्याने जणू आडवा वळवून घेतला! आता या वळण्याला बोटाने अडवा. चाक ताबडतोब खाली येते. उलट ते ज्या दिशेला वळते आहे त्याच दिशेला त्याला हलकेच पुढे ढकला, म्हणजे आसाचे मोकळे टोक चक्क वर उठते.

सगळी मेख इथेच आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की गाडीत एक जड चाक गरगरत ठेवले की गाडी आपोआप तोल धरील. तसे होत नाही. चाकाचा आस गाडीला पक्का आवळून टाकला, तर त्याला आडवे वळायला जागाच उरत नाही, आणि गाडी चाक नसल्यासारखी कोसळते. चाकाला वळू दिले पाहिजे, आणि वळू लागले की त्याची घाई केली पाहिजे. फिरत्या चाकाच्या अशा यंत्राला १८५२ साली फूको या फ्रेंच शास्त्रज्ञाने जायरोस्कोप हे नाव दिले. मराठीत त्याला घूर्णी म्हणतात.

ब्रेननचा जन्म आयर्लंडातला, पण तो वाढला ऑस्ट्रेलियात. टॉर्पेडोच्या शोधाने त्याचे नाव झाले. १९०७ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपल्या गाडीची छोटी प्रतिकृती चालवून दाखवली. एकच रूळ म्हणजे खर्च कमी, आणि डोंगराळ मुलखात वळणेही सोपी. म्हणूनच हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीचा विचार करून लंडनच्या इंडिया ऑफिसने त्याला पैसा दिला, आणि काश्मीर दरबारनेही मदत केली. म्हणजे या खटाटोपात आपल्याकडचाही पैसा होता.

१० नोव्हेंबर १९०९ रोजी इंग्लंडातल्या जिलिंगहॅम येथे खरी गाडी लोकांसमोर आली. लांबी ४० फूट, वजन २२ टन. पोटात दोन चाके, प्रत्येक साडेतीन फूट व्यासाचे व पाऊण टन वजनाचे, मिनिटाला ३००० फेरे घेणारे. दोघांच्या दिशा एकमेकींविरुद्ध, नाहीतर वळणावर चाकांनीच गाडीला उलथवले असते. हवेचे घर्षण नको म्हणून ती निर्वात पेटीत बसवली होती. गाडी जरा कलली की चाके आडवी वळू लागत, एक यंत्रणा त्यांना त्याच दिशेला पुढे रेटी, आणि गाडी परत सावरे. तुम्ही चाकाला बोटाने ढकललेत, तेच हे. त्या दिवशी गाडीत ४० माणसे होती. माणसे एका बाजूला सरकली, तर ती बाजू दबण्याऐवजी किंचित वर उचलली जाई! पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात तेव्हाचे गृहमंत्री विन्स्टन चर्चिलदेखील तिच्यात बसले.

मग ही गाडी आज कुठे दिसत का नाही? यंत्र फसले म्हणून नव्हे. प्रत्येक डब्याला स्वतंत्र चाके हवीत, ती अहोरात्र फिरवायला शक्ती हवी, ही अडचण होतीच. पण खरा प्रश्न प्रवाशाच्या मनातला होता: चाके थांबली तर? शक्ती तुटल्यावरही चाके बराच वेळ फिरत राहतात, हे सांगून भागत नव्हते. साधी गाडी बिघडली तर जागीच उभी राहते. ही गाडी आडवी होणार! पैसा आटला, आणि काम थांबले.

आता तुम्ही म्हणाल, आमची सायकल तर चाकांच्या फिरण्यानेच उभी राहते ना? थोडीफार मदत त्याची होते, पण मुख्य काम वेगळेच आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला आपण नकळत हँडल वळवतो. १९७० साली डेव्हिड जोन्स यांनी पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे चाक बसवून त्याचा परिणाम जवळजवळ नाहीसा केला, तरी ती सायकल चालवता आली. तोल म्हणजे वेळेवर केलेली दुरुस्ती, हेच सायकल सांगते आणि ब्रेननची गाडीही.

ब्रेननच्या प्रश्नाला उत्तर मिळाले ते आकाशात. २००० साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर अशी चार यंत्रे नेली गेली. प्रत्येकातले चाक सुमारे १०० किलो वजनाचे, मिनिटाला ६६०० फेरे घेणारे. इंधन न जाळता एवढे मोठे स्थानक ती सावरून धरतात. २००२ साली त्यांतले एक बंद पडले. स्थानक उलथले नाही. उरलेल्या तिघांनी भार उचलला, आणि २००५ साली अंतराळवीरांनी बाहेर जाऊन नवे यंत्र बसवले.

चाक थांबणारच नाही, असे वचन कोणालाच देता येत नाही. थांबले तर दुसरे तयार आहे, एवढे मात्र देता येते. आणि माणूस विश्वास टाकतो तो त्यावरच.