जिभेला हाड नसते



"जिभेला काही हाड आहे का?" हा प्रश्न युनियनच्या माणसाला पुष्कळदा ऐकावा लागतो. मी तो मालकांकडून ऐकला आहे, सभासदांकडूनही. पण शरीरशास्त्राची पुस्तके वाचू लागलो तेव्हा कळले, की जिभेचे सारे सामर्थ्य त्या नसलेल्या हाडातच आहे.

हात उचलताना स्नायू हाडाला ओढतो. जिभेच्या आत हाडच नाही; तेथे स्नायूच स्नायूला आधार देतात. त्यांच्या एकंदर ८ जोड्या. त्यांपैकी ४ जिभेतच सुरू होऊन जिभेतच संपतात आणि तिचा आकार बदलतात. पाण्याने भरलेली पिशवी आवळली की ती लांबते. तसे आडवे व उभे तंतू आखडले की जीभ लांब होते, लांबीचे आखडले की आखूड व जाड होते. उरलेल्या ४ जोड्या खालचा जबडा, कंठातले हाड, कानाखालचा हाडाचा काटा आणि मऊ टाळू यांपासून येतात व जीभ पुढे, खाली, मागे, वर नेतात.

आपला रोजचा 'तक्रार' हा शब्द घ्या. 'त'ला टोक दातांशी, 'क'ला मागचा भाग टाळूशी, 'र'ला पुन्हा टोक वर. एकटा स्नायू हे करू शकत नाही.

यांतला जबड्यापासून येणारा स्नायू जीभ पुढे धरून श्वासाची वाट मोकळी ठेवतो. झोपेतही तो सहसा पुरता सैल पडत नाही. माणूस बेशुद्ध पडला, की मात्र तो सैल पडतो. उताण्या माणसाची जीभ मागे जाऊन घसा अडवते. अशा वेळी आपण भोवती गर्दी करतो, तोंडात पाणी ओततो. ते पाणी श्वासनलिकेत जाते! मंडळी, तोंडात काही घालू नका. श्वास चालू असेल तर मान सांभाळून त्याला कुशीवर वळवा आणि डॉक्टर बोलवा. श्वास नसेल तर छाती दाबणे ताबडतोब सुरू करा.

१९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी सक्तीची केली. पण मागे पडलेली जीभ पेटीतली पट्टी पुढे आणत नाही; ते काम शेजारच्या माणसाच्या हातांचे आहे. प्रत्येक पाळीत हे शिकलेली चार माणसे हवीत. ही मागणी मालकाकडे करू, तशी स्वतःकडेही करू.