तहात उरलेले गड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जवाहर नगर, जयपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजगड, तोरणा आणि रायगड या तीन गडांच्या पदयात्रेविषयी आज चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळातील १८ जण, त्यांत ७ मुले, ही वाट पाच दिवसांत चालून आले. महाराष्ट्रात शेकडो किल्ले असताना जयपूरच्या मराठी माणसाने नेमकी हीच वाट का धरावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

त्याचे उत्तर येथून काही कोसांवर, आमेरात आहे. आमेरचे मिर्झाराजे जयसिंह १६६५ साली मोगली फौज घेऊन दख्खनेत उतरले. पुरंदरास वेढा पडला, मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले आणि जून महिन्यात तह झाला. २३ किल्ले मोगलांकडे गेले, १२ महाराजांकडे राहिले. त्या १२ किल्ल्यांत राजगड, तोरणा, लिंगाणा आणि रायरी, म्हणजे पुढे राजधानी झालेला रायगड, हे होते. शाळेत आपण सर्वांनी २३ हा आकडा पाठ केला. १२ किल्ल्यांची नावे मात्र क्वचितच कोणास सांगता येतील. वास्तविक पुढचे सारे वैभव त्या १२ किल्ल्यांच्या आधारावर उभे राहिले. आम्ही चाललो, ती त्या उरलेल्या स्वराज्याची वाट होती.

पुण्याहून गुंजवणे गाठून पहिल्या दिवशी चोर दरवाजाने आम्ही राजगडाच्या पद्मावती माचीवर पोहोचलो. सुमारे पाव शतक हा गड राजधानी होता. आज तेथे तलाव, देऊळ आणि वाड्यांची जोती आहेत. बालेकिल्ल्यावर उभे राहिले म्हणजे सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती या तिन्ही माच्या तीन दिशांस पसरलेल्या दिसतात. तेथेच आमच्यातील एका मुलाने विचारले, "काका, मिर्झाराजे आपले की त्यांचे?"

हा प्रश्न पुण्याच्या मुलास पडणार नाही. आपल्या मुलांना पडतो, कारण शाळेत मिर्झाराजे हे आमेरचे भूषण आणि घरी तेच पुरंदराचा वेढा घालणारे. आम्ही निकाल दिला नाही, पुढची हकीकत सांगितली. १६६६ साली महाराज आग्र्यास गेले, तेव्हा त्यांच्यासाठी जामीन राहिले ते याच मिर्झाराजांचे पुत्र रामसिंह. महाराज निसटून राजगडी परतले आणि रामसिंहांना मनसब गमवावी लागली. आग्र्याच्या दरबारातील त्या बाणेदार प्रसंगाचा वृत्तान्त आमेरच्या चाकरांनी राजस्थानी पत्रांतून कळविला. पुढे जदुनाथ सरकार आणि सीतामऊचे डॉ. रघुवीरसिंह यांनी ती पत्रे प्रसिद्ध केली. म्हणजे ज्या घराण्याच्या सेनापतीने किल्ले घेतले, त्याच घराण्याच्या दफ्तराने महाराजांचा स्वाभिमान जपून ठेवला. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडचं आपल्यालाच वाचावं लागणार." आम्हांला वाटते, परप्रांतात वाढणाऱ्या मराठी मुलाचे कर्तव्य याहून नेमक्या शब्दांत सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी संजीवनी माचीच्या दुहेरी तटातून, अळू दरवाजाने उतरून, डोंगराच्या धारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे निघालो. दोन्ही बाजूंस खोल दऱ्या आणि मध्ये एक माणूस चालेल एवढी वाट. आमच्यासारख्या फायली उपसण्यात हयात घालविलेल्या माणसाचे पाय येथे लटपटतात; मुले मात्र बकरीसारखी पुढे जातात. तोरण्याची उंची सुमारे १४०० मीटर. तेथे मेंगाईच्या देवळात मुक्काम केला. रात्री वारा इतका होता, की पन्नाशी उलटलेले आम्ही सारे एकमेकांच्या घोंगड्या मोजीत बसलो.

तिसरा दिवस सर्वांत लांबचा. तोरणा उतरून हारपुडवरून मोहरीस पोहोचेपर्यंत अंधार पडला. ज्या घरी उतरलो, तेथील आजींनी पिठले-भाकरी वाढताना मुलांना विचारले, "कुठली रं तुम्ही?" आमची मुले हिंदीच्या वळणाचे मराठी बोलतात, म्हणून आम्ही जरा धास्तावलो होतो. एक मुलगी म्हणाली, "आम्ही जयपूरचे आहोत, पण घरी मराठीच बोलतो." आजी म्हणाल्या, "मग झालं की." आपल्या मंडळाच्या ५० वर्षांच्या धडपडीचे इतके थोडक्यात मोजमाप आजवर कोणी केले नव्हते.

चौथ्या दिवशी लिंगाण्याचा सुळका उजेडात दिसला. स्वराज्याचे कैदी ठेवण्याची ही जागा. पलीकडे रायगड. मध्ये घाटाची उभी भिंत, आणि ती उतरावयाची ती सिंगापूरच्या नाळेने. नाळ म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली, पावसाळी पाण्याने कोरलेली अरुंद घळ. मोहरीचा वाटाड्या बरोबर नसता, तर मुलांना घेऊन तेथे पाऊल टाकण्यास आम्ही धजलो नसतो. खाली काळ नदीचे खोरे ओलांडून रायगडवाडीस मुक्काम केला.

पाचव्या दिवशी सकाळी महादरवाजातून वर गेलो. मंडळातील आजी-आजोबा १९९६ पासून चालू असलेल्या रोपवेने आधीच वर आले होते. होळीच्या माळावर तीन पिढ्या एकत्र जेवल्या. ६ जून १६७४ रोजी जेथे राज्याभिषेक झाला, तेथे आज छत नाही. राजवाड्याची जोती, बाजारपेठेच्या दोन ओळी, नगारखाना, जगदीश्वराचे देऊळ आणि समाधी एवढेच उरले आहे. एका मुलीने विचारले, "आमेरच्या महालात आरसेसुद्धा शाबूत आहेत, मग इथेच असं का?" मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी गडावर आग लागली आणि राजवाडा जळाला. त्याच वर्षी एप्रिलात जयपूरनेही कंपनीशी तह केला. एकाने लढून छत गमावले, दुसऱ्याने तह करून ते राखले. सत्ता दोघांचीही गेली. हे पुस्तकात वाचणे निराळे आणि त्या जोत्यावर बसून उमगणे निराळे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले. योगायोगाने आकडा पुन्हा १२ चाच. त्यांत राजगड आणि रायगड आहेत. तोरणा, लिंगाणा नाहीत. म्हणून ते कमी मोलाचे ठरत नाहीत. त्यांचे मोल चालणाऱ्यांनी राखावयाचे आहे.

तेव्हा आमची मंडळास एक नम्र सूचना आहे. दर हिवाळ्यात ही पदयात्रा व्हावी. आधी दोन महिने दर रविवारी झालाना आणि नाहरगडच्या टेकड्यांवर सराव करावा. गडावरील टाक्यांचे पाणी निर्मळ ठेवावे, आपला कचरा आपण खाली आणावा, वाटाड्या गावातलाच घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. निघण्यापूर्वी मुलांना एकदा आमेर अवश्य दाखवावे, कारण आपल्या वाटेचा आरंभ तेथून होतो.

आम्ही बदलीच्या नोकरीतली माणसे. घर कोठे, असे कोणी विचारले की उत्तर देताना अडखळतो. आपल्या मुलांना तसे अडखळावे लागू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.