विद्यापीठांच्या गावातली कलादालनं

अमेरिकेच्या दक्षिण भागात, नॉर्थ कॅरोलायना राज्यात, चॅपल हिल आणि डरहॅम ही विद्यापीठांची गावं अगदी जवळजवळ आहेत. तिथली छोटी कला-संग्रहालयं मला मोठ्या शहरांतल्या भव्य संग्रहालयांपेक्षा अधिक प्रिय आहेत.

चॅपल हिलचं ॲकलंड संग्रहालय १९५८ साली उघडलं. त्यामागची कथा विलक्षण आहे. विल्यम हेज ॲकलंड यांनी दक्षिणेतल्या एखाद्या विद्यापीठात संग्रहालय व्हावं म्हणून संपत्ती ठेवली. आपलं दफन त्याच वास्तूत व्हावं, ही त्यांची अट होती. १९४० मध्ये ते वारले. डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठानं देणगी नाकारली, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी मान चॅपल हिलला मिळाला. त्यांची समाधी आजही संग्रहालयातच आहे. इथला आशियाई कलेचा संग्रह आवर्जून पाहावा असा आहे.

ड्यूकनंही पुढं, २००५ मध्ये, नॅशर संग्रहालय उभारलं. बार्कली हेंड्रिक्स या कृष्णवर्णीय चित्रकाराचं मोठं प्रदर्शन २००८ साली इथंच भरलं. डरहॅममध्येच नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठाचं दालन आहे. कृष्णवर्णीय कलावंतांचं काम तिथं जिव्हाळ्यानं जपलंय, आणि तेच बहुतेक प्रवाशांकडून राहून जातं!

या परिसरात आपली मराठी कुटुंबंही बरीच आहेत. मुलांना भेटायला तिकडं जाणाऱ्या आईवडिलांनो, एक दुपार या दालनांसाठी जरूर राखून ठेवा. फक्त उघडण्याच्या वेळा आधी पाहून घ्या.