आधी त्याच्याकडे जा



कौटुंबिक न्यायालयातल्या समुपदेशनाविषयी मुलांना सांगा, असं मुख्याध्यापिका बाईंनी मला सांगितलं होतं. १९८४च्या कायद्यानं ही न्यायालयं आली. निकालाआधी समेटाचा प्रयत्न करणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून बोलतं करायचं, हे माझं काम. पण त्याचे पहिले धडे मला याच शाळेत मिळाले.

सकाळच्या प्रार्थनेनंतर आमच्या गुरुजींच्या टेबलाभोवती तक्रारींची गर्दी व्हायची. ‘हिनं माझी वही फाडली’, ‘तो मला खेळात घेत नाही’. गुरुजी एकच विचारायचे, “तिला सांगितलंस का?” नाही म्हटलं की परत पाठवायचे. निम्म्या तक्रारी टेबलापर्यंत पुन्हा यायच्याच नाहीत. तेव्हा ते मला कठोर वाटायचे. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय नीट वाचला, तेव्हा कळलं. भावानं तुझा अपराध केला, तर आधी एकट्यानं त्याच्याकडे जा, असं येशू तिथं सांगतो. त्यानं ऐकलं नाही, तर एक-दोघांना बरोबर घे. मंडळीपुढे जायचं ते त्यानंतर. आपण नेमकं उलट करतो. आधी सगळ्या ग्रुपवर टाकतो आणि ज्याच्याशी भांडण, त्याला ते शेवटी कळतं.

पाचव्या अध्यायात तर येशू आणखी पुढे जातो. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर. चूक कुणाची, हे तो विचारतच नाही. मुलांनो, तुमचा धर्म कुठलाही असो, एवढं करून पाहा. ज्याच्याशी बिनसलंय, त्याच्याशीच पहिल्यांदा बोला. मात्र कुणी मोठं माणूस तुम्हाला इजा करत असेल, धमकावत असेल, तर त्याच्याकडे एकट्यानं मुळीच जायचं नाही. लगेच विश्वासातल्या माणसाला सांगायचं.

समेट लगेच होईलच असं नाही. मार्कला बरोबर न्यायचं की नाही, यावरून पौल आणि बर्णबा या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकांचं इतकं बिनसलं की ते वेगळ्या वाटांनी गेले. त्याच मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असं पौलाच्या नावच्या शेवटच्या पत्रात वाचायला मिळतं. आणि आपल्या नगरचं उदाहरण तर घरचंच आहे. १८९५मध्ये कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडल्यासारखा झाला. काही वर्षांनी त्या परत आल्या, पण आपलं सोवळंओवळं सांभाळून. बाप्तिस्मा त्यांनी १९००मध्ये घेतला, तोही स्वतःच्या मनाला पटल्यावर. टिळकांचा तापटपणा त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लपवलेला नाही, आणि त्यांच्यावरची मायाही लपवलेली नाही. मुलींनो, ते पुस्तक वाचाच.

पुढच्या रांगेतल्या आई-बाबांना एक विनंती आहे. माझ्यासमोर बसणारी कितीतरी जोडपी एकमेकांशी मुलांमार्फत बोलत असतात. ‘बाबांना सांग, जेवायला वाढलंय.’ दहा वर्षांच्या मुलीला निरोप्या करू नका हो. तिला तुमच्यातलं भांडण दिसलं तरी चालेल, पण ते मिटतानाही दिसू द्या. आणि शिक्षकहो, टेबलापाशी आलेल्या मुलाला गुरुजींचा तो प्रश्न जरूर विचारा. मात्र विचारताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. तो घाबरलेला असेल, तर त्याला परत पाठवू नका, त्याच्याबरोबर तुम्ही जा.