शाल, श्रीफळ आणि पाकीट

काळ्या गाउनमध्ये तासाभरापासून उकडून निघालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुम्ही पदवीधर झालात, अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचंही अभिनंदन, फी त्यांनी भरली. आता पुढे जाऊ.

मी बोरिवलीला राहतो. नकाशात बघाल तर नॅशनल पार्कच्या त्या बाजूला बोरिवली आणि या बाजूला तुमचं मुलुंड. बिबट्याला यायला अर्धा तास लागत असेल, मला दादरला गाडी बदलून यावं लागलं. डोंगराखालून बोगदे होत आहेत म्हणे. माझ्या हयातीत झाले तर पुन्हा बोलवा.

मघाशी ओळख करून देणाऱ्या मुलीने माझ्या पुरस्कारांची यादी वाचली. फार छान वाचली. त्यातले एक-दोन मला मिळालेले नाहीत आणि जो खरोखर मिळाला होता त्याचं नाव राहून गेलं. तिला बोल लावणार नाही. आमच्याकडे नटाची ओळख म्हणजे पुरस्कारांची यादी, आणि ती अशीच कुठून तरी उचललेली असते. निमंत्रणपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘आजच्या तरुणाईपुढील आव्हाने’ असा छापलाय. त्यावर बोलणारे तुम्हाला दरवर्षी भेटतील. यादी निघालीच आहे तर मी पुरस्कारांवर बोलतो.

अशोक सराफ. बघा, नुसतं नाव घेतलं तर मागून शिट्टी आली. ‘पांडू हवालदार’ 1975 सालचा, तेव्हा मी शाळेत होतो. ‘अशी ही बनवाबनवी’ 1988 सालचा, तेव्हा तुमच्यापैकी कुणाचा जन्मही झालेला नव्हता, तरी त्यातले संवाद तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतील. आता या माणसाला मिळालेल्या मोठ्या सन्मानांच्या तारखा बघा. 2023 सालचा महाराष्ट्र भूषण, प्रत्यक्ष हातात पडला 2024 मध्ये, वयाच्या 76व्या वर्षी. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्याच सुमारास. पद्मश्री 2025 मध्ये. म्हणजे ‘पांडू हवालदार’नंतर तब्बल 50 वर्षांनी. मधल्या काळात तीन पिढ्या या माणसाच्या जिवावर हसल्या.

उशीर का झाला, ते मला ठाऊक आहे, कारण अशा लहानसहान निवड समित्यांवर मी बसलोय. समितीतली माणसं रात्री घरी विनोदी सिनेमा बघून पोट धरून हसतात आणि सकाळी बैठकीत रडवणाऱ्या नटाचं नाव सुचवतात. रडवणं म्हणजे अभिनय आणि हसवणं म्हणजे उपजत खोड, असा आपल्याकडे जुना समज आहे. खरं तर अशोकमामांनी विजयाबाई मेहतांच्या दिग्दर्शनाखाली अनिल बर्व्यांचं ‘हमीदाबाईची कोठी’ केलंय. ते काही हसवणारं नाटक नव्हे. पण ते लक्षात ठेवायला समितीवरच्या माणसाने नाटक पाहिलेलं असावं लागतं. लक्ष्मीकांत बेर्डे 2004 साली गेला, पन्नाशीत. त्याच्यापर्यंत यातलं काहीच पोहोचलं नाही. वाट बघायला वयच मिळालं नाही त्याला.

असो. मला या हकिकतीतली वेगळीच गोष्ट आवडते. महाराष्ट्र भूषण घेतल्यावर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अशोकमामांनी ‘अशोक मा. मा.’ ही रोजची मालिका सुरू केली. रोजची मालिका म्हणजे काय, हे तुमच्यातल्या मास मीडियावाल्यांना सांगायला नको. बारा-बारा तासांची शिफ्ट, सकाळी हातात पडलेली पानं, दुपारी पुन्हा बदललेली पानं. पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ही मालिका चालू होती. मला हा माणूस आवडतो तो यासाठी. कारण आमच्या धंद्यात रीत उलटी आहे. नटाला ‘जीवनगौरव’ दिला की निर्माते फोन करायचे थांबतात. ‘सरांना एवढ्याशा रोलसाठी कसं विचारायचं?’ सर बिचारे घरी बसून फोनकडे बघत असतात. सरांना एवढासा रोल चालला असता हो!

आता मुद्द्यावर येतो. हा एकच मुद्दा आहे आणि मी तो आज दोन-चार वेळा सांगणार आहे, कंटाळलात तरी. कुणी तुम्हाला कामाला बोलावलं तर पैसे किती, हे आधी विचारा. सन्मान, संधी, व्यासपीठ, ओळखी, आणि आता तो तुमचा नवा शब्द एक्सपोजर, हे सगळं नंतर. आधी आकडा.

हे मी शिकलो एका दौऱ्यावर. गाव सांगत नाही, प्रयोग लावणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं नाव तर मुळीच नाही. पहिला अंक रंगला. दुसऱ्या अंकाआधी पडदा उघडून त्याने आम्हा सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि सत्कार केला. नटांचा, संगीतवाल्याचा, अगदी पडदा ओढणाऱ्या पोराचासुद्धा. शाली नव्या कोऱ्या, माझ्या शालीला दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. प्रत्येकाला कुंकू लावलेला नारळ. भाषण असं केलं की आमच्यातल्या ज्येष्ठ बाई, ज्यांना सगळे मावशी म्हणायचे, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. तिसरा अंक संपला, नेपथ्य बसच्या टपावर चढलं, मॅनेजर हिशेबाला गेला तर कॉन्ट्रॅक्टर गायब. तिकीटविक्रीच्या टेबलावर नुसती अगरबत्ती जळत होती. ड्रायव्हर म्हणाला, डिझेलला पैसे द्या, नाहीतर बस हलणार नाही. आम्ही खिसे रिकामे करून डिझेल भरलं. पहाटे हायवेच्या कडेला ड्रायव्हरने चाक खोलायच्या टॉमीने आमचे सत्काराचे नारळ फोडले, तो आमचा नाश्ता. मावशी मात्र सगळ्यांच्या शाली नीट घड्या घालून पिशवीत भरत होत्या. म्हणाल्या, ‘लग्नसराई आलीय, आहेरात देता येतील. चिठ्ठ्या काढू नका, नव्या दिसतात.’

तुम्ही हसताय. मीही हसतो आता. पण त्या रात्रीची ‘नाईट’ आजतागायत कुणाला मिळालेली नाही. नाईट म्हणजे एका प्रयोगाचे पैसे. मराठी नाटकातला नट पगारावर नसतो, नाईटवर असतो. प्रयोग झाला तर पैसे. आजारी पडलात, नाईट गेली. पावसात गाड्या बंद पडल्या, प्रयोग रद्द, नाईट गेली. प्रॉव्हिडंट फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, तुमचं इथलं कालिदास, कुठेही जा, प्रयोग संपल्यावर मॅनेजर मेकअप रूममध्ये येतो, पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेलं नाव वाचतो आणि पाकीट हातात ठेवतो. माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा सन्मान कुठला, असं मला मुलाखतीत विचारतात. वेळेवर आलेलं पाकीट, असं मी सांगतो, आणि ते लोक छापत नाहीत.

आमच्या आधीची मंडळी हुशार होती. बँक, रेल्वे, एलआयसी, बेस्ट अशी कुठली तरी नोकरी धरून नाटक करायची. अशोक सराफही सुरुवातीची वर्षं स्टेट बँकेत होते. लोक हे गमतीने सांगतात, बघा, मामा कारकून होते! यात गंमत कसली? पगार ठरलेला असतो म्हणून माणूस नको असलेल्या भूमिकेला नाही म्हणू शकतो. डॉ. श्रीराम लागूही आधी कान-नाक-घशाचे सर्जन. 1969 साली चांगली चाललेली डॉक्टरकी सोडून ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा चाळिशी उलटली होती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1970 मध्ये ‘नटसम्राट’. 1974 साली पद्मश्री. मग हिंदीत ‘घरौंदा’साठी फिल्मफेअर, 1997 साली कालिदास सन्मान. त्यांनी स्वतः मुलाच्या नावाने तन्वीर सन्मान सुरू केला, तोही रंगकर्मींसाठी.

‘नटसम्राट’ हे नाव आता लोकांना पुरस्कारासारखंच वाटतं. गल्लीतल्या एकांकिका स्पर्धेतही ‘नटसम्राट करंडक’ असतो. शिरवाडकरांचं नाटक वाचलेला माणूस हे नाव करंडकाला देणार नाही. नाटक उघडतं ते त्यातल्या म्हाताऱ्या नटाच्या, आप्पा बेलवलकरांच्या सत्काराने, आणि पुढे हा सत्कार झालेला माणूस रस्त्यावर येतो. मी ते नाटक कितीतरी वेळा पाहिलंय. पहिल्या प्रवेशात जितक्या जोराने टाळ्या पडतात तितकं माझं पोट ढवळतं.

आणि हे काय नाटकातच होतं? नारायणराव राजहंस, आपले बालगंधर्व. पदवी लोकांनी डोक्यावर घेतलेली. 1929 साली नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष, 1955 साली संगीत नाटक अकादमीचा सन्मान, 1964 साली पद्मभूषण. आणि याच माणसाच्या डोक्यावर कंपनीचं कर्ज एवढं की दिवाळं काढा, असा सल्ला लोकांनी दिला. त्यांनी तो मानला नाही, नाटकं करून कर्ज फेडत राहिले. शेवटची वर्षं हलाखीत गेली. लोक त्यांना देव म्हणायचे. देवाला भाडं, औषधपाणी लागत नाही, असाच बहुतेक समज असावा.

पद्म पुरस्काराबद्दल एक माहिती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना नसेल. त्यात सनद असते, पदक असतं. रोख रक्कम नसते. रेल्वेत किंवा विमानात सवलतही नाही. नावाच्या आधी किंवा नंतर ‘पद्मश्री’ लावायला तर परवानगीच नाही. ती उपाधी नव्हे, हे 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय, तरी आपल्याकडे प्रत्येक फ्लेक्सवर ते नावाआधी छापलेलं असतं. माझी याला हरकत नाही, सरकारने देशाच्या वतीने मान द्यावा, पैसे देऊ नयेत, ठीक. राज्याचा महाराष्ट्र भूषण आता 25 लाखांचा आहे, अकादमीचा पुरस्कार 1 लाखाचा. पण वर्षाला अशी माणसं किती? बाकीच्यांसाठी ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आहे, आता महिना 5000 रुपये. आमच्याच इथे एका चाळीत राहणाऱ्या रंगभूषाकारांचा तो अर्ज मी भरून दिला. फॉर्मबरोबर कलेतल्या योगदानाचे पुरावे जोडायचे होते. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे चेहरे रंगवले त्यांच्याकडे स्वतःचा फोटो असलेलं एक कात्रण निघेना. शेवटी जुन्या नाटकाच्या जाहिरातीतला बारीक टायपातला त्यांच्या नावाचा उल्लेख भिंगाने शोधला.

पुरस्कार मिळून नुकसान होतं, असंही असतं बरं का. रोहिणी हट्टंगडींना ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी 1983 मध्ये ब्रिटनचा बाफ्टा मिळाला. केवढी मोठी गोष्ट! आणि आपल्या हिंदी सिनेमाने त्यातून काय बोध घेतला? की बाई म्हातारी चांगली करते. ‘अग्निपथ’मध्ये त्या अमिताभ बच्चनच्या आई झाल्या, आणि वयाने त्या त्याच्याहून बऱ्याच लहान! त्यांनी ती आईसुद्धा उत्तम केली, हा त्यांचा मोठेपणा.

आणि आता वाहिन्यांचे सोहळे. नाव घेत नाही, रिमोट तुमच्या हातात असतोच. ‘लाडकी सून’, ‘लाडके सासरे’, ‘लाडकं कुटुंब’. मला एकदा लाडके सासरे केलं होतं. चार दिवस नाचाची तालीम, कपडे आपले आपण आणायचे, गाडीभाडं नाही, मानधन नाही. विचारलं तर क्रिएटिव्हमधला मुलगा म्हणाला, ‘सर, तुम्हाला अॅवॉर्ड देतोय ना!’ आणि ज्या महिन्याच्या कामासाठी हे अॅवॉर्ड, त्या महिन्याचा चेक नव्वद दिवसांनी. ती ट्रॉफी माळ्यावर आहे. भंगारवाल्याला दाखवली होती, त्याने ठोकून बघितली आणि परत दिली. फायबर घेत नाही म्हणाला.

पुन्हा सांगतो, आकडा आधी विचारा. मराठी माणसाला पैसे मागताना घसा बसल्यासारखं होतं. ‘तुम्ही द्याल ते’ असं आपण म्हणतो आणि ते देतील ते घेऊन घरी येऊन बायकोजवळ चिडतो. इथे घाटकोपर-मुलुंडला गुजराती नाटकं जोरात चालतात, तिथल्या मित्रांकडून शिका. तिथे तारखेच्या आधी रक्कम ठरते, आणि त्यात कुणाचा अपमान होत नाही.

हे मी फक्त नट होऊ पाहणाऱ्या चार-दोन मुलांना सांगत नाहीये. तुमच्यातले बहुतेक जण बँकेत, कंपनीत, इव्हेंटमध्ये, वाहिनीत जाल. सोसायटीच्या गणपतीचे सेक्रेटरी व्हाल. म्हणजे उद्या फोन करणारे तुम्ही असाल. गायिकेला, निवेदकाला, तबलजीला, कार्टून काढणाऱ्या एखाद्या पोराला. तेव्हा ‘आमचं बजेट नाहीये, पण सत्कार छान करू’ हे वाक्य कृपा करून तोंडातून काढू नका. शालीचे पैसे बजेटमध्ये असतात, फ्लेक्सचे असतात, पाहुण्यांच्या बुफेचे असतात. तबलजीचेच नेमके नसतात? शाल नसली तरी चालेल, मुंबईत थंडी असते तरी कधी!

तुमच्या प्राचार्यांनी मला बोलावलं तेव्हा मीही आकडा विचारला. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी रक्कम सांगितली, मी होकार दिला, आणि पाकीट मघाशी चहाबरोबरच आलं. बाईंचे जाहीर आभार.

आता पदव्या घ्यायला रांगेत उभे राहा, माझ्यासारख्या म्हाताऱ्याला हात दुखेपर्यंत उभं ठेवू नका. आणि ते गाउन भाड्याचे आहेत असं ऐकतो. फोटो काढून झाले की परत करा, डिपॉझिट मागून घ्या, पावती हरवली असेल तरी मागा.